समुद्रकाकडीची वीण आणि २००१ची बंदी

ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीनं जाणाऱ्यांनी ठाणे खाडीत समुद्रकाकडी शोधू नये. पावसाळ्यात इथल्या पाण्याचा खारटपणा झपाट्यानं उतरतो आणि तो बदल या कंटकचर्मी, म्हणजे तारामाशाच्या गटातल्या प्राण्याला सोसत नाही. त्याचं खरं घर मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप, अंदमान. उकडून वाळवलेला हा माल चीनकडे जाण्याची रीत फार जुनी आहे. त्याच्या उपशावरच्या बंदीचा वाद मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतला, आणि त्याचं मूळ विणीत आहे.

अनेक जातींचे नर संध्याकाळी, बहुधा पौर्णिमेच्या आसपास, पुढचं अंग तळापासून उचलून डोलू लागतात आणि डोक्याजवळच्या छिद्रातून शुक्राणूंची पांढरी बारीक धार सोडतात. तिचा सुगावा लागला की माद्याही तशाच उठतात आणि अंडी सोडतात. फलन उघड्या पाण्यात होतं, त्यामुळे नर-मादी जवळ नसतील तर सगळं वाया. विरळ झालेली वस्ती म्हणूनच आपोआप भरून येत नाही.

१९८२ साली तीन इंचांहून लहान मालाच्या निर्यातीवर बंदी आली. पण हे माप वाळलेल्या मालाचं. वाळताना प्राणी इतका आकसतो की वजनाचा दहावा हिस्साही जेमतेम उरतो. एवढ्या मापानं वयात न आलेली जनावरं कशी वाचणार?

१९८८ साली तुतीकोरीनला पाण्याचं तापमान वाढवून वाळूतल्या जातीची वीण घडवली गेली, पिल्लंही तयार झाली. अशी पिल्लं, म्हणजेच बीज, समुद्रात सोडण्याची वाट दिसत असतानाच २००१ साली सगळ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रात सुमारे २०० जाती आहेत, बाजारात मोल असलेल्या मोजक्याच. तरी नियम सरसकट. बुडी मारून पोट भरणारे एका रात्रीत गुन्हेगार ठरले आणि पलीकडे श्रीलंकेत धंदा परवान्यानं चालू राहिला. विणीला दाट वस्ती हवी, तेव्हा उपसा थांबवणं भागच होतं. पण बीजनिर्मितीला आणि मच्छीमारांना त्यात जागा ठेवायला हवी होती. चोरटा उपसा थांबला नाहीच. चोर मोठी जनावरं आधी उचलतात, आणि सर्वांत जास्त अंडी त्यांच्याच पोटात असतात.

२०२० मध्ये लक्षद्वीपच्या चेरियापाणी भागात समुद्रकाकडीसाठी स्वतंत्र राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथे निदान जागा राखली आहे, आणि विणीच्या दृष्टीनं ते अधिक नेमकं पाऊल आहे.