थोडा वेळ मागणं आणि अबोला धरणं

"मला आत्ता बोलायला जमायचं नाही. डोकं तापलंय. जेवणं उरकली की साडेनऊला गच्चीवर बसू."

"काय झालंय?" "काय न्हाय." आणि पुढचे तीन दिवस ताट वेळेवर वाढलं जातं, पण तोंड उघडत नाही.

ही दोन्ही उत्तरं कोल्हापुरातल्या एकाच गल्लीत, एकाच संध्याकाळी ऐकू येतील. दोन्हीनंतर घर गप्प होतं. भिंतीपलीकडच्या काकूंना तर फरक कळत नाहीच, पण ज्याला हे उत्तर मिळालं त्यालाही सुरुवातीला तो कळत नाही. तरी पहिल्या गप्पपणात भांडण निवतं आणि दुसऱ्यात ते मुरत जातं.

घोटाळा अलीकडे जास्तच वाढलाय. स्वतःवर प्रेम करा, आपली शांतता जपा, ज्याच्याशी बोलून त्रास होतो त्याच्यापासून लांब राहा, असले सल्ले मोबाइलवर दिवसभर सरकत असतात. सल्ल्यात खोट नाही. पण त्याच्या आडोशाला आजीच्या काळापासूनचा अबोला आरामात येऊन बसलाय. "मी बोलत नाहीये, कारण मी स्वतःची काळजी घेतेय" हे वाक्य अगदी खरं असू शकतं, आणि निव्वळ शिक्षाही असू शकते. नुसतं ऐकून ते ठरवता येत नाही.

आधी वेळ मागण्याबद्दल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी 1980च्या दशकापासून नवरा-बायकोंना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवलं, त्यांच्यातल्या खऱ्या वादाचा विषय काढायला लावला आणि ते बोलत असताना त्यांची नाडी मोजली. वाद चढला की काहींचे ठोके मिनिटाला 100च्या वर जातात. एकदा तिथे पोचलं की माणूस ऐकतो, पण ते आत शिरत नाही. समोरच्याच्या दहा शब्दांतला टोचणारा एकच तेवढा उचलला जातो. अशा वेळी "आत्ताच सोक्षमोक्ष लावू" हा आग्रह म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. (व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत गॉटमन ही रेघ 80वरच आखतात. म्हणजे तालमीत घुमणाऱ्या गड्यांनी तर भांडणातून लवकर उठायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, तो भाग वेगळा.)

त्यांनी एक गंमतही केली. भांडण ऐन रंगात असताना जोडप्याला सांगितलं की यंत्रात जरा बिघाड झालाय, तोवर मासिकं चाळत बसा, विषय काढू नका. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करायला लावलं तर ठोके उतरलेले होते आणि तीच दोन माणसं त्याच विषयावर बरं बोलत होती. कुणी कुणाला समजावलं नव्हतं, फक्त शरीर निवलं होतं. त्यावरून गॉटमन सांगतात की थांबायचं तर किमान 20 मिनिटं थांबा, पण एका दिवसापेक्षा जास्त लांबवू नका.

आता अबोला. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने माणसाला वगळलं की काय होतं यावर उभं आयुष्य घालवलं. त्यांचा प्रयोग अगदी साधा आहे: संगणकावर तिघं चेंडू टाकतायत, थोड्या वेळाने तुमच्याकडे चेंडू येणंच बंद होतं. बस्स, एवढंच. तरी काही मिनिटांत माणसाला आपण कुणाचे नाही, आपली किंमत नाही, आपल्या हातात काही नाही असं वाटू लागतं. समोर माणसं नाहीत, नुसता संगणक खेळतोय, हे आधी सांगूनही लोकांना लागलंच. अनोळखी खेळात ही अवस्था, मग एकाच स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या माणसाने तीन दिवस आपल्याकडे न बघणं म्हणजे काय होत असेल?

आपल्याकडे अबोल्याची एक खास घरगुती यंत्रणा असते, ती म्हणजे पोरं. "बाबांना सांग, गॅस संपत आलाय." "आईला सांग, मला उशीर होईल." दोघं चार फुटांवर, आणि सात वर्षांचं पोर मध्ये टपाल वाहतंय. एकत्र कुटुंबात तर पाहुणे आले की अबोला तेवढ्यापुरता उठतो, हसून चहा होतो, पाहुण्यांची गाडी वळली की पुन्हा बसतो. हे जमतं याचाच अर्थ बोलायची ताकद होती. ठोके शंभरावर गेलेल्या माणसाला पाहुण्यांशी गोड बोलणंही जड जातं.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. वेळ मागणारा स्वतःच्या डोक्याचं बघतो. तो उठून गेला, शांत झाला, की त्याचं काम झालं; समोरच्याने त्या वेळात काय केलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अबोला धरणाऱ्याचं सगळं लक्ष मात्र समोरच्यावर खिळलेलं असतं. त्याला कळलं का? तो जेवला का? त्याचा चेहरा उतरला का? अजून माफी का मागत नाही? वरून दिसायला हा ताठा, स्वाभिमान; आतून मात्र आपली संध्याकाळ बरी जायची की वाईट हे ठरवायचा अधिकार ज्याच्यावर चिडलो त्यालाच देऊन टाकलेला. स्वतःवर प्रेम म्हणावं तर यात स्वतः कुठे आहे?

तरी दोनच खाने पाडून भागत नाही. तिसरी एक गोष्ट दोन्हींसारखी दिसते. काही माणसं शिक्षा म्हणून गप्प होत नाहीत आणि वेळही मागत नाहीत. ती नुसती बंद पडतात. मान खाली, नजर मोबाइलवर, "हं" आणि "बरं". गॉटमन यांच्या निरीक्षणात अशी भिंत होणाऱ्यांत सुमारे 85 टक्के पुरुष होते. समोरून बघणाऱ्या बायकोला वाटतं, याला काही पडलेलीच नाही. आत मात्र घोडे उधळलेले असतात. तिला ते दिसायला मार्ग नाही, कारण त्याने सांगितलेलंच नसतं. मग ती आवाज चढवते, तो आणखी मिटतो, तो मिटला म्हणून ती आणखी चढवते. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या सुमारास हे चक्र नीट तपासलं तेव्हा एक मुद्दा पुढे आला, तो "पुरुष असेच असतात" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा: बदल ज्याला हवा असतो तो बहुधा मागे लागतो, आणि बदल ज्याला नको असतो तो मागे सरतो. तिच्या माहेरच्यांबद्दलची तक्रार त्याने काढली की कितीतरी घरांत तीच गप्प होते आणि तोच खोलीभर फेऱ्या मारतो.

अशा बंद पडणाऱ्याला अबोल्याचा दोष देणं अन्याय आहे. पण आपल्या आत काय चाललंय ते समोरच्याने ओळखावं ही त्याची अपेक्षाही तितकीच अन्यायाची. "मला सुचेनासं झालंय, अर्धा तास दे" एवढं एक वाक्य त्याला या खान्यातून बाहेर काढतं.

आणि रुसवा? तोही लोक अबोल्यात जमा करतात, जे मला पटत नाही. रुसलेल्या माणसाला समजूत काढून हवी असते आणि ते तो लपवत नाही. कोल्हापूरला तर रुसव्याचा उत्सवच आहे. आख्यायिका अशी की कोल्हासुराच्या वधानंतर विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोली देवीला, म्हणजे टेंबलाईला, बोलवायचं राहून गेलं, तेव्हा ती रुसून पूर्वेच्या टेकडीवर शहराकडे पाठ करून बसली. म्हणून नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, दोघींची भेट होते, कोहळा फोडला जातो. यात बघण्यासारखं असं की ती का रुसली हे सगळ्यांना माहीत आहे, कुठे बसली हे माहीत आहे, आणि विसरणारी स्वतः चालून जाते. अबोल्यात यातलं काहीच ठाऊक नसतं. "काय चुकलं ते तुझं तुला कळायला पाहिजे" म्हटल्यावर माणसाने पालखी कुठे न्यावी?

वेळ मागून घेतल्यावर तो घालवायचा कसा, हा भाग लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. समजा, शिरोली एमआयडीसीतून थकून आलेला एकजण घरात खटका उडाल्यावर "येतो जरा" म्हणून बाहेर पडला. गंगावेशीत गेला, दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेतला आणि मित्रांना सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवली. मित्रांनीही "तुझं बरोबर आहे गा" म्हणून मीठमसाला लावला. तासाभराने तो घरी आला तो गेला होता त्याहून तापून. याला विश्रांती म्हणत नाहीत. ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर राग काढायला दिला, तर काहींना नुसतं गप्प बसवलं. राग काढणाऱ्यांचा पारा वर राहिला आणि काहीच न करणाऱ्यांचा त्यांच्यापेक्षा खाली. मन मोकळं करून राग जातो ही आपली लाडकी समजूत त्यात आडवी झाली. बंद खोलीत मनातल्या मनात उत्तरं रचत बसणंही त्यातलंच. माणूस एकटा असतो एवढंच, भांडण थांबलेलं नसतं.

त्यापेक्षा रंकाळ्याला एकटं एक फेरी मारावी, भांडी घासावीत, अंघोळ करावी. लिहिण्याची आवड असेल तर एक उपाय तपासलेला आहे. एली फिंकेल यांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात 120 जोडप्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहायला सांगितलं: दोघांचंही भलं इच्छिणाऱ्या तिऱ्हाइताला हे भांडण कसं दिसेल? वर्षाला सगळी मिळून 21 मिनिटं झाली. न लिहिणाऱ्यांचं लग्नातलं समाधान दुसऱ्या वर्षीही घसरत राहिलं. लिहिणाऱ्यांचं घसरायचं थांबलं. वाढलं नाही, थांबलं. मला तो निकाल म्हणूनच विश्वासाचा वाटतो.

मागायची रीतही सांगायला हवी. वाक्यात तीन गोष्टी पाहिजेत: मला काय होतंय, मी किती वेळ मागतोय, आणि परत कधी येतोय. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही" यात एकही नाही. परत येण्याची जबाबदारी वेळ मागणाऱ्याची. साडेनऊ म्हटलं असेल तर साडेनऊला गच्चीवर त्याने आधी असावं. अजून तापलेलं असेल तर तेही येऊन सांगावं: "अजून जमत नाही, उद्या सकाळी चहाला." दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे आणि दिराच्या देखत हे कसं जमायचं, असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. तिथे शांत असतानाच एखादी खूण ठरवून ठेवावी. "दूध आणून येतो" म्हणजे अर्धा तास, हे दोघांना माहीत असलं की बाकीच्यांना कळायची गरज नाही.

मात्र एक गप्पपणा वरच्या कशातच बसत नाही. बोललं तर हात उगारला जाईल, पैसे बंद होतील, म्हणून जी गप्प आहे तिला संवादाच्या युक्त्या शिकवू नयेत. तिच्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

लग्नाआधीच्या जोडप्यांचं सगळंच फोनवर चालतं, त्यामुळे तिथे ही सरमिसळ अधिक होते. निळ्या खुणा दिसतायत, स्टेटस टाकलंय, उत्तर नाही. उत्तर न देणाऱ्याला वाटतं मी माझी शांतता जपतोय. वाट बघणारा दर पाच मिनिटांनी मोबाइल उचलतोय. ब्लॉक करून दोन दिवसांनी काढणं, पुन्हा करणं, याला तर काळजी म्हणू नयेच. "आज बोलत नाही, उद्या संध्याकाळी फोन करते" एवढं टाइप करायला दहा सेकंद लागतात.

वाट बघणाऱ्यानेही सतरा मेसेज टाकून समोरच्याचे ठोके पुन्हा चढवू नयेत. ठरलेल्या वेळी समोरचा आला नाही तर एकदा, साध्या आवाजात विचारावं: "आज नाही, तर कधी?" दर वेळी वेळ मागितला जातो आणि ती वेळ कधीच येत नाही, असं होऊ लागलं तर तो अबोलाच, फक्त सभ्य भाषेतला. अशा वेळी आपल्याकडे मामांना बोलावतात, मामा एका जेवणात "मिटवून टाका" म्हणून जातात आणि नक्की काय मिटवायचं होतं ते कुणीच विचारत नाही. त्याऐवजी समुपदेशकाकडे जावं. त्यासाठी प्रकरण घटस्फोटाला यायची वाट बघायची गरज नसते, आणि जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्यानेही जाता येतं.