प्रत्येकाच्या अंगात १.६१८ असतं का?

'उंचीला बेंबीच्या उंचीने भागा, प्रत्येक माणसाचं उत्तर १.६१८ येतं, हेच निसर्गाचं सुवर्ण गुणोत्तर' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. वाचायला भारीच वाटतो, मलाही वाटला होता.

आधी शब्द बघू. गुणोत्तर म्हणजे दोन मापांची तुलना, आणि अशी दोन गुणोत्तरं सारखी आली की ती मापं प्रमाणात आहेत म्हणायचं. रेषेचे दोन तुकडे असे करा की अख्खी रेषा भागिले मोठा तुकडा आणि मोठा भागिले छोटा, दोन्ही सारखंच यावं, मग येतो तो १.६१८. हे गणित शंभर टक्के खरं आहे, नियमित पंचकोनाचा कर्ण बाजूने भागलात तरी हेच येतं.

आता शरीराचं, टेप घ्या आणि घरातल्या चार जणांना मोजा. समजा उंची १६० सेमी आणि बेंबी ९६ वर, तर उत्तर १.६६७, तीच ९९ वर असेल तर १.६१६, म्हणजे तीन सेमीत आकडा केवढा हलला बघा, आणि मग जो जवळचा दिसतो तो आपण 'आलाच की' म्हणून धरतो. नवजात बाळाची बेंबी तर साधारण मध्यावर असते, तिथे २ च्या आसपास येतं. वय वाढतं तसं हे बदलत जातं, मग सगळ्यांसाठी एकच ठरलेला आकडा कसा असेल?

नॉटिलस या समुद्री जीवाचा शंख म्हणजे सुवर्ण सर्पिल (दर पाव वळणाला १.६१८ पट मोठं होत जाणारं वळण) असंही सांगतात, त्याचंही तेच, सुवर्ण सर्पिल एका पूर्ण वळणात ६.८५ पट मोठं होतं, शंख मात्र साधारण तिप्पटच.