‘आयात शुल्क ठरवताना विचारतंय कोण?’ : खुलासा

मार्च-एप्रिलात काजू बीचा दर पडला की वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: ‘शुल्क दिल्लीत बंद दाराआड ठरतं, आम्हाला विचारतंय कोण?’ हे अर्धंच खरं आहे.

अर्थमंत्रालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी उद्योग-व्यापार संघटनांकडून शुल्काबाबत लेखी सूचना मागवतं. कच्च्या काजूवर २०१६ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के शुल्क लागलं, २०१८ मध्ये ते २.५ टक्क्यांवर आलं. शुल्क कमी करा, ही कारखानदारांची मागणी. गावची बी वर्षभर पुरत नाही. आफ्रिकेतलं पोतं आलं नाही तर बी फोडणाऱ्या बायकांचे हात रिकामे. बागायतदाराला तेच पोतं खुपतं. दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच खरी पंचाईत!

अँटी-डंपिंग शुल्काचं, म्हणजे परदेशातून अवाजवी स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरच्या जादा शुल्काचं, वेगळं. तिथे व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करतं आणि १९९५ च्या नियमांनुसार तो माल वापरणाऱ्या उद्योगांना, किरकोळीत विकला जाणारा माल असेल तर ग्राहक संघटनांनाही, म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

साध्या सीमाशुल्काला असं बंधन नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ खाली सरकार नुसत्या अधिसूचनेने सूट देऊ शकतं. म्हणजे सूचना मागवतात, पण सुनावणी बंधनकारक नाही. आणि चतुर्थीला पाव किलो काजूगर घेणाऱ्याची तर संघटनाच नसते. त्याच्या वतीने पत्र लिहिणार कोण?