दशमांश दिला म्हणजे अर्पणपण झालं काय?

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळ्यांत हे दोन शब्द इतके मिसळून गेलेत की पाकिटावर "दशमांश" छापलेलं असतं आणि आत उपकारस्तुतीचे शंभर रुपये असतात, आणि ज्यानं खरंच दहावा हिस्सा मोजून काढलाय तो थैलीत टाकताना म्हणतो, अर्पण दिलं. पैसे शेवटी एकाच खजिनदाराकडं जातात, मग काय फरक पडतो असं वाटतं. पण देणारा स्वतःला काय समजतो आणि गरीब माणसाला आपण काय मागतो, ह्या दोन्हीत लई फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दशमांश म्हणजे मोजून काढलेला दहावा भाग. अब्राहामानं मलकीसदेक ह्या याजकाला दिला (उत्पत्ती १४), याकोबानं बेथेलला तसा नवस केला (उत्पत्ती २८), पण नियम म्हणून तो मोशेच्या नियमशास्त्रात येतो. लेवीय २७:३० म्हणतं की जमिनीच्या पिकाचा आणि झाडांच्या फळांचा दशमांश परमेश्वराचा आहे. बघा, तो आधीपासूनच त्याचा आहे. दुसऱ्याची जमीन कसणारा वाटेकरी सुगीला मालकाचा वाटा मोजून घालतो तेव्हा आपण मालकाला बक्षीस दिलं असं तो गावात सांगत फिरत नाही, वाटा घातला एवढंच म्हणतो. दशमांशाचं तसंच आहे. तो देणं हा प्रामाणिकपणा, औदार्य त्याच्या पुढं सुरू होतं.

आणि तो जायचा कुठं? गणना १८ प्रमाणे लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशाला, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता, आणि त्या लेव्यांनीपण मिळालेल्या दशमांशाचा दशमांश काढायचा होता. अनुवाद ह्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातला भाग तर आपल्याकडं फार कमी वाचला जातो. तिथं म्हटलंय की दशमांश घेऊन देवासमोर जा, कुटुंबासह खा, आनंद कर, आणि दर तिसऱ्या वर्षी तो आपल्या गावातच ठेव, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर खातील. मलाखी ३:१० मधलं "भांडारात आणा" सगळ्यांना पाठ आहे, पण भांडारातून ते कुणाच्या ताटात जायचं हे त्याच्यासोबत शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अर्पणाला माप नाही. निर्गम ३५ आणि ३६ वाचा. निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, ज्याच्या मनाला वाटलं त्यानं आणलं, कुणी कुंडलं आणि अंगठ्या काढून दिल्या, बायकांनी हातानं सूत कातून आणलं, आणि शेवटी कारागीरच मोशेला म्हणाले की लोक गरजेपेक्षा जास्त आणतायत, तेव्हा छावणीत दवंडी द्यावी लागली की आता आणू नका. इथं कुणी दहा टक्के काढत बसलं नव्हतं.

पण अर्पणातसुद्धा जड अर्पण आणि हलकं अर्पण असतंच. अरवना यबूसी दावीद राजाला होमार्पणासाठी खळं, बैल, जळण सगळं फुकट द्यायला तयार होता, तर दावीद म्हणाला, मला काही खर्च न करता मी देवाला होमार्पण करणार नाही, आणि ५० शेकेल चांदी मोजली (२ शमुवेल २४). त्यागाचं दान ओळखायचं तर इथून ओळखावं, त्यात देणाऱ्याचं काहीतरी जातं.

कापणीच्या सणाला हे डोळ्यांनी दिसतं. वेदीपुढं भाताची पोती, उसाच्या मोळ्या, रताळी, भोपळे, गूळ रचलेला असतो, कुणी दुकानातून फळांची टोपली घेऊन रिबीन लावून आणतं, आणि एखादी म्हातारी पदराखालून चार गावठी अंडी काढून हळूच कडेला ठेवते. उपासनेनंतर लिलाव होतो, अंड्यांची बोली चढत जाते, टाळ्या पडतात, बोली लावणाऱ्याचं नाव वहीत येतं. बोली लावणाऱ्यानंपण मनापासून दिलं असेल, त्याबद्दल शंका नाही. पण ती चार अंडी विकून तिचं आठवड्याचं तेल-मीठ आलं असतं, हे वहीत कुठंच येत नाही.

मार्क १२ मधल्या विधवेचं हेच. दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकल्या तिनं, आणि येशूनं मागं किती उरलं ते बघितलं. तिचा दशमांश नव्हता तो, होतं नव्हतं ते सगळं होतं. पण एक सांगतो, ह्या गोष्टीच्या लगेच आधी, ४० व्या वचनात, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू धारेवर धरतो. म्हणून तिचं उदाहरण देऊन रोजंदारीवरच्या बाईकडून जास्त काढून घेणं मला अजिबात पटत नाही. तिनं दिलं ते आपणहून दिलं, तिच्याकडं कुणी मागितलं नव्हतं.

आता उलटी बाजू. लाखभर पगारवाल्यानं दहा हजार दिले तर दशमांश पूर्ण झाला, पण घरातली एक गोष्टपण अडली नाही, त्याग कुठं झाला? इथं मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली आठवतो. बेळगावात लंडन मिशननं १८२० मध्ये सुरू केलेलं काम पुढं मेथडिस्टांकडं आलं, त्यामुळं त्याचं नाव आपल्याकडं घरचंच. वर्षाला ३० पौंड मिळायचे तेव्हा तो २८ मध्ये भागवायचा आणि २ द्यायचा. मिळकत ६० झाली तरी खर्च २८ च, दिले ३२. पुढं ९० झाली तेव्हा ६२ दिले. दहा टक्केच काढत बसला असता तर ९० मधून ९ पौंडांवरच थांबला असता.

आजच्या ख्रिस्ती माणसाला दशमांश बंधनकारक आहे काय, ह्यावर मंडळ्यांत एकमत नाही. कॅथलिक शिकवणीत चर्चच्या गरजांसाठी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा असं आहे, दहाचा आकडा नाही. पौल करिंथकरांना आकडा न देता मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको, असं लिहितो, आणि नसेल त्याप्रमाणे नाही तर असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं असंही (२ करिंथ ८ आणि ९). येशू मात्र पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश काढणाऱ्यांना सांगतो की न्याय, दया, विश्वास सोडलात, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. माझं मत, दशमांश ही सुरुवात करायला चांगली सवय आहे, पण दोन टक्क्यांनीसुद्धा ज्याचं घर हलतं त्याला चोर म्हणू नये.

आणि आईबापाचं औषध थांबवून देवाला दिलं म्हणणाऱ्यांसाठी मार्क ७ मधला कुर्बानचा, म्हणजे देवाला वाहिलेल्या दानाचा, उतारा आहे. दशमांश असो की अर्पण, तिथं येशूनं दोन्हीला जागा ठेवलेली नाही.

शेतकरी विचारतात, उसाचं बिल आलं तर खत-तोडणीचा खर्च वजा करून दहावा भाग काढायचा की आधी? नियमशास्त्र पिकाबद्दल बोलतं, सोसायटीच्या कर्जाबद्दल नाही. नवराबायकोनं बिल यायच्या आधी बसून ठरवावं, दशमांशाचं एक पाकीट आणि अर्पणाचं दुसरं, आणि दुसऱ्यात किती घालायचं ते एकमेकांना विचारून.