सीरियावरचे निर्बंध ‘उठले’, पण किती वेळा?

‘अमेरिकेने सीरियावरचे निर्बंध उठवले’ ही बातमी २०२५ मध्ये मे, जून आणि डिसेंबर अशी तीनदा आली. तिन्ही वेळा घडलं ते वेगवेगळं होतं.

निर्बंध एका बैठकीत लागले नव्हते. डिसेंबर १९७९ मध्ये दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांची पहिली अमेरिकी यादी निघाली. तीत इराक, लिबिया, दक्षिण येमेन आणि सीरिया असे चार देश होते. २००४ मध्ये अमेरिकेतून सीरियाला होणाऱ्या बहुतेक निर्यातीवर बंदी आली. २०११ च्या उठावानंतर युरोपने सीरियाचं तेल घेणं थांबवलं. तिथल्या तेलक्षेत्रात भागीदार असलेल्या भारतीय सरकारी कंपनीचं कामही त्यातच अडकलं.

खरी गाठ बसली ती ‘सीझर’ कायद्याने. कोठडीत मेलेल्यांचे देह दमास्कसच्या लष्करी रुग्णालयात आणले जात आणि लष्करी पोलिसांचा एक छायाचित्रकार त्यांचे फोटो काढी. देहावर नाव नसे, नंबर असे. २०१३ मध्ये असे हजारो फोटो घेऊन तो निसटला. त्याच्या टोपणनावाचा हा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि जून २०२० पासून लागू झाला. यात सीरियाशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्याच देशातल्या कंपनीलाही दणका बसू शकत होता, त्यामुळे शेजारपाजारच्या बँकांनीही हात आखडता घेतला.

डिसेंबर २०२४ मध्ये बशर अल-असद यांची राजवट कोसळली. जानेवारीत वीज-इंधन आणि सरकारी खात्यांशी व्यवहारापुरता सहा महिन्यांचा अमेरिकी परवाना मिळाला. १३ मे रोजी सौदी अरेबियात रियाधमध्ये ट्रम्प यांनी टाळ्यांच्या कडकडाटात निर्बंध उठवण्याची घोषणा केली, पण दहा दिवसांनी कागदावर उतरली ती ‘सीझर’मधून १८० दिवसांची सूट. युरोपने त्याच महिन्यात आर्थिक निर्बंध काढले. ३० जूनच्या आदेशाने अमेरिकेचे जुने आदेश रद्द झाले, कायदा मात्र तसाच राहिला. संसदेचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने पुसता येत नाही.

वाद इथेच पेटला. सूट दर सहा महिन्यांनी वाढवत राहू, म्हणजे नव्या सरकारचा लगाम आपल्या हातात राहील, असं अमेरिकेतल्या एका गटाचं म्हणणं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण ज्या देशात तेव्हा सरकारी वीज दिवसाला जेमतेम दोन-चार तास येत होती, तिथे वीजकेंद्र उभारायचं तर पैसे वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. सहा महिन्यांच्या कागदावर एवढं कर्ज कोण देणार? घोषणेनंतरही मोठा पैसा बिचकत राहिला, तो यामुळेच.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये कायदाच रद्द झाला. गंमत म्हणजे तो आला होता वार्षिक संरक्षण विधेयकाच्या पोटातून आणि गेलाही तसाच. दर सहा महिन्यांनी संसदेला अहवाल देण्याची अट तेवढी मागे राहिली.

आणि १९७९ ची ती यादी? इराक आणि लिबिया केव्हाच बाहेर पडले, दक्षिण येमेन तर नकाशावरूनच गेला. सीरियाबद्दल जूनच्या आदेशात एवढंच होतं, की फेरविचार करावा.