एनसी म्हणजे छोटा एफआयआर नव्हे

"पोलिसात केस केलीय, महिना झाला, कोण फिरकलं पण नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी कागद बघायला मागतो, आणि बहुतेक वेळा तो एनसीचा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा, निघतो.

एफआयआर काय असतो ते तुम्हाला माहितीय. गुन्हा नंबर पडतो, तपासाला अधिकारी नेमतात, फिर्यादीला कॉपी फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस हा नवा कायदा आला, त्यात एफआयआरचं १५४ कलम १७३ झालं आणि एनसीचं १५५ चं १७४, ते पाठ नसलं तरी काही अडत नाही.

अडतं ते इथं. एनसी म्हणजे अदखलपात्र, आणि त्यात कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही, वॉरंटशिवाय अटक पण नाही. म्हणजे तुम्ही घरी बसून साहेब कधी येतील म्हणून वाट बघताय आणि साहेबाला यायचा अधिकारच नाहीय! तपास हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून आदेश आणायचा, हे ठाण्यात सहसा कोण सांगत नाही, माझा खरा राग त्याच्यावर आहे.

आता दखलपात्र का अदखलपात्र हे कशावरून ठरतं, तर कलमावरून, तुम्हाला किती राग आलाय किंवा समोरचा किती माजलाय त्यावरून नाही. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पाणी सुटलं की बोळात भांडण ठरलेलं. समजा शेजाऱ्यानं दोन कानाखाली दिल्या, शिव्या दिल्या, तर साधी दुखापत, एनसी. पण त्याच झटापटीत तुमचा दात पडला किंवा बोटाचं हाड मोडलं तर ती कायद्यानं गंभीर दुखापत, दखलपात्र, तिथं एफआयआरच पाहिजे. आणि चार कलमांत एक जरी दखलपात्र असलं तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणून मारहाण झाली की आधी ठाण्यातून दवाखाना यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र, घ्या आणि सिव्हिलला जाऊन तपासून घ्या, एक्सरे सांगितला तर काढाच. लोक घरी हळद लावून बसतात, आठ दिवसांनी सूज उतरत नाही म्हणून एक्सरे काढतात आणि मग ठाण्यात वाद घालत बसतात. तेव्हाही रिपोर्ट घेऊन पुरवणी जबाब द्या, कलम वाढू शकतं.

दखलपात्र असून गुन्हा घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं वर पाठवा, शहरातले असाल तर आयुक्तालयात, बार्शी-पंढरपूर-मोहोळकडचे असाल तर सोलापूर ग्रामीणच्या एसपींकडं. हे दोन वेगळे आहेत ओ, ग्रामीणचा अर्ज आयुक्तांना देऊन फेऱ्या मारणारे मी पाहिलेत. तिथंही नाही झालं तर कोर्ट आहेच.

एनसीनंतर कधी कधी दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर केस टाकतात, शहरात एसीपींसमोर, तालुक्याला तहसीलदारासमोर. ती शिक्षा नव्हे, नीट वागीन असा बाँड असतो. मार खाल्लेल्यालाही बाँड कशाला, हे मला अजून पटलेलं नाही.

आणि मोबाईल खिशातून मारला असेल तर "गहाळ" लिहिलेल्या कागदावर सही करू नका. गहाळ म्हणजे तुम्हीच तो हरवला. चोर राहिलाच नाही की मग.