ग्लाम्सची 'करडी बाई' चेटकीण नव्हती

स्कॉटलंडच्या ग्लाम्स किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात एक जागा कायम रिकामी ठेवतात. ती 'करड्या बाई'ची, म्हणजे लेडी ग्लाम्स जेनेट डग्लसच्या भुताची, असं सांगतात. गोष्टीत पुढं हमखास येतं की तिला चेटकीण म्हणून जाळलं.

जाळलं हे खरं. १७ जुलै १५३७, एडिंबरा किल्ल्याची टेकडी. पण आरोप चेटुकाचा नव्हताच. आरोप राजद्रोहाचा होता : राजा पाचव्या जेम्सवर विषप्रयोगाचा कट आणि परागंदा भावांशी संधान. स्कॉटलंडमध्ये चेटुकाविरुद्धचा कायदा झाला १५६३ साली, ती गेल्यावर तब्बल २६ वर्षांनी! राजद्रोही बाईला तेव्हा जाळण्याचीच शिक्षा होती. घोळ बहुधा त्या चितेमुळेच झाला.

खरं कारण जुनं वैर. जेनेटचा भाऊ, अँगसचा अर्ल, हा राजाचा सावत्र बाप. त्यानं पोरसवदा जेम्सला नजरकैदेत ठेवून स्वतः कारभार हाकला. १५२८ मध्ये जेम्स निसटला आणि डग्लस घराण्याच्या हात धुऊन मागे लागला. जेनेटचा कोवळा मुलगाही तुरुंगात गेला, ग्लाम्स सरकारजमा झाला आणि राजानं तिथं स्वतःचा दरबार भरवला. १५४२ मध्ये राजा वारल्यावर मुलगा सुटला, वाडवडिलांची मालमत्ताही परत मिळाली.

भुताची गोष्ट खुशाल सांगावी. पण तिला चेटकीण म्हटलं की राजाचा सूड झाकला जातो, आणि ते मला फार खटकतं.